बाटलीवरचं नाव

२ मार्च
कामावर गेलो. चौदा नंबरच्या मिश्रणाच्या चाळीस बाटल्या भरल्या. संध्याकाळी भात आणि खारा मासा.
माझी बायको लमदुआन जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. ठराव: शंभराव्या दिवसाच्या आत या टॉनिकला माझ्या बायकोचं नाव मिळवून द्यायचं. हक्क तिचाच आहे. एक ते चौदा, प्रत्येक मिश्रण पहिल्यांदा तिनेच प्यायलं. मी घेत नाही. मला पित्त होतं.

५ मार्च
प्रयोगाची वही काढली. मिश्रण नऊ: रोजच्यापेक्षा तीन शर्ट जास्त शिवले. मिश्रण बारा: दोन रात्री झोप नाही, तक्रार नाही. मिश्रण चौदा: हात थरथरतात म्हणाली. त्यापुढे मी ‘किरकोळ’ असं लिहिलं आहे. त्याच पहाटे शिलाई मशीनवर डोकं टेकून बसलेली सापडली.
डॉक्टर म्हणाले, हृदय. डॉक्टर फार तरुण आहेत.

१८ मार्च
कियतशेठना भेटलो. नाव सुचवलं. फुलाचं नाव आहे, वासही चांगला, असंही सांगितलं.
शेठ म्हणाले, “अरे प्रयूर, ट्रकवाला अंधारात जंगलातून लाकडं आणतो. त्याने बाटली उघडली आणि तुझी बायको शेजारी येऊन बसली, तर तिचं भाडं कोण देणार?” सगळी कचेरी हसली. पॅकिंगची म्हातारी म्हणाली, “बसेल कशाला? त्याचा फाटका शर्ट शिवून देईल बिचारी.” पुन्हा हसले.
शेठ ‘विचार करतो’ म्हणाले नाहीत. पण स्पष्ट नाहीही म्हणाले नाहीत.

४ एप्रिल
नाव ठरलं. ‘रानडुक्कर’.
शेठच्या बागेत एका डुकराला दोन गोळ्या लागल्या, तरी ते कुंपण तोडून पळालं. शेठ म्हणाले, “याला म्हणतात ताकद. मेलं ते कुंपणापलीकडे, ते आपण छापायचं नाही.”
लेबल पाहिलं. निराश होण्याचं कारण नाही. डुकराचे डोळे अगदी लमदुआनचे आहेत. शेवटी शेवटी तेवढेच लाल होते. चित्रकाराला विचारलं, तिला कधी पाहिलं होतं का. तो म्हणाला, “काका, मी डुक्करसुद्धा पाहिलेलं नाही.” कलाकार कबूल करत नाहीत.

१५ एप्रिल
सणाची सुट्टी. नाक्यावर एक ड्रायव्हर भेटला. म्हणाला, “काय चीज बनवलीत दादा! डोळा मिटायचा म्हटलं तरी मिटत नाही.” भरून आलं. तीसुद्धा हेच म्हणाली होती. अगदी याच शब्दांत.

२९ एप्रिल
शंभरावा दिवस. विहारात गेलो. भिक्खूंना दान देण्यासाठी ‘रानडुक्कर’चं बारा बाटल्यांचं खोकं नेलं होतं. इथे जे द्यावं ते गेलेल्या माणसाला पोचतं. तिला स्वतःची ओळख पटावी, हा हेतू.
मेहुणीने, चमोयताईने, एक उशी आणली होती. बाकी काही नाही.
मी म्हटलं, ताई, दानाला नवी आणायची असते.
“नवीच आहे भावोजी,” ती म्हणाली. “मी लग्नात दिलेली. तिचीच. बघा की, कुठे दबलीय का.”
भिक्खूंनी उशी हातात घेतली, जरा दाबून पाहिली आणि मग माझ्या खोक्याकडे पाहिलं. खोकंही ठेवून घेतलं. मंत्र झाले. पाणी सोडताना चमोयताई मोठ्याने म्हणाली, “लमदुआन, आता नीज गं. कुणी उठवणार नाही.”
माझ्याकडे बघून म्हणाली असं काही जणांना वाटलं असेल. ती मुळातच तिरकस बोलते.

दुपारी दोनला घरी आलो. भात खाल्ला. ताट घासलं.
सकाळी माझी उशी उन्हात घातली होती, ती आत आणली. मधोमध खड्डा पडलेला आहे. दोन्ही हातांनी बडवली. उलटी करून बडवली. खड्डा जात नाही.