शांडिल्य गोत्राचा पाहुणा

भाद्रपद वद्य पंचमी, शके १७०६

दुपारी वामकुक्षीला आडवा झालो तर स्वप्नात दाराशी कोणीतरी उभा. अंगाला कडा नाहीत, तोंड असावं तिथे नुसता काळोख. शेवटी मीच विचारलं, "कुठले आपण? गोत्र कोणतं?" दारात आलेल्याला पुण्यात हेच विचारतात. म्हणाला, "गोत्र नाही. म्हणून तर आत येता येत नाही."

मला हसू आलं. म्हटलं, "मग लावा आमचंच. शांडिल्य. या गोपाळकृष्णाचा, म्हणजे माझा, चुलतभाऊ म्हणून सांगा." त्याने मान लववली. नाव विचारलं तर म्हणे, तुम्हीच ठेवा. रंग बघून श्यामसुंदर ठेवलं.

उठलो. सकाळी आमटीत मीठ फार पडलं होतं, त्याने असली स्वप्नं पडतात.

वद्य षष्ठी

पुन्हा तोच. आज उंबऱ्याच्या आत.

वद्य नवमी

सकाळी घरोघर पंचांग सांगून आलो, जेवलो, झोपलो. उठलो तर श्यामसुंदर ओसरीवर बसलेला — आणि मी पुरता जागा! आता त्याला तोंड होतं. थोडं वडिलांसारखं, थोडं माझ्यासारखं. म्हणाला, "पाणी." दिलं. घरी आलेल्याला पाण्याला नाही कसं म्हणायचं?

शेजारच्या दत्तोबांनी परसातून विचारलं, "कोण हो हे?" तोंडातून निघून गेलं, "चुलतभाऊ." बायको गेल्यापासून घरात दुसरं ताट मांडलं नव्हतं. आज मांडलं.

सर्वपित्री अमावास्या

दत्तोबांकडे श्राद्धाला एक ब्राह्मण कमी पडला. पुण्यात ब्राह्मणांना काय तोटा, पण आजच्या दिवशी एक मोकळा सापडेल तर शपथ. दत्तोबा आले. "तुमचे चुलतभाऊ येतील का? गोत्र आमच्याहून वेगळंच आहे, चालतंय." मी तोंड उघडायच्या आत हा सोवळं नेसून तयार.

दत्तोबांच्या बायकोने वाढलं. सगळं आवरून ती बिचारी घटकाभर आडवी झाली, ती उठलीच नाही.

आश्विन शुद्ध तृतीया

आळीत श्यामसुंदरचं कौतुक चाललंय. दत्तोबांना दुःखात फार धीर दिला म्हणे. दिला काय कपाळ, नुसता बसून होता. पुण्यात गप्प बसणाऱ्याला विद्वान समजतात.

शुद्ध एकादशी

काल दसरा. आळीतल्या भिड्यांनी त्याला जेवायला बोलावलं, त्यांच्या सुनेने वाढलं. आज सकाळी तिला नेली. मागे तान्हं पोर आहे.

आता कळलं. जी वाढते ती झोपते आणि उठत नाही. त्याला स्पष्ट विचारलं. म्हणाला, "भूक लागते." लाज नाही, शरम नाही. माझ्या हातचं रोज खातो, मला काही होत नाही. मी त्याचं दार. दार कोण खातं?

उद्यापासून दुपारी झोपायचं नाही.

शुद्ध चतुर्दशी

झोपलो नाही की तो विरळ होतो. आज त्याच्या पोटातून मागचं जातं दिसत होतं. बरं वाटलं. जरा भिंतीला टेकलो, तेवढ्यात डोळा लागला. गाढव मी. उठलो तर हा चांगला जाडजूड होऊन सुपारी कातरत बसलेला.

वद्य पंचमी

मंदा आली. मंदाकिनी, माझी बहीण, शुक्रवार पेठेत दिली आहे. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती, मीच सांभाळली. श्यामसुंदरला पाहून हरखली. "दादा, आपल्याला चुलतभाऊ आहे, आणि मला कळतंय ते भिड्यांकडून?" मग त्याच्याकडे वळून, "भाऊबीजेला यायचं हं. भरपूर भूक ठेवून या." तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

मंदेला मागच्या दाराशी गाठून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहिणीला आणखी एक भाऊ मिळाला तर तुझ्या पोटात दुखतंय होय रे? माहेरचं माणूस मी तोडायची नाही." ही गेली तर मला या जगात कोणी नाही.

वद्य नवमी

यज्ञेश्वरशास्त्र्यांकडे गेलो. स्वप्न, काळोख, गेलेल्या बायका, काही लपवलं नाही. ते पानाला चुना लावत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "गोत्र आपण दिलंत ना? मग तो भाऊच. दिलेलं गोत्र परत घेता येत नाही."

"मग सुटका?"

"गोत्र नसतं ते संन्याशाला. ना गोत्र, ना नातं." आणि पान तोंडात टाकलं. म्हणजे आता उठा.

वाटेत विचार केला. तो भाऊ आहे तो माझ्यामुळे. मीच कुणाचा कोणी नाही म्हटल्यावर तो तरी मंदेचा कोण? मला पटलं. पुन्हा शास्त्र्यांना विचारायला गेलो नाही. ते प्रत्येक प्रश्नाला तोंड वाकडं करतात.

लक्ष्मीपूजन

सकाळी ओंकारेश्वरापाशी नदीत छातीएवढ्या पाण्यात उभा राहिलो. काठावर स्वतःचे पिंड स्वतःच्या हाताने घालून झाले होते. शेंडी काढली, जानवं पाण्यात सोडलं, शास्त्री सांगतील तसं म्हटलं. मंदेचं नाव ओठांवर आलं, ते गिळलं. फार रडू आलं. शास्त्री म्हणाले, "संन्याशाने रडू नये." मी म्हटलं, पाणी आहे नदीचं.

कार्तिक शुद्ध प्रतिपदा

देवळाच्या ओवरीत दुपारी झोपलो. स्वप्न नाही. दाराशी कोणी नाही, दारच नाही. संन्याशाने रोजनिशी लिहू नये, पण हे कुठेतरी लिहायलाच हवं.

घरावरून मुद्दाम गेलो. ओसरी रिकामी. दत्तोबांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "बरं झालं स्वामी, आता कोणीतरी पंचांग वेळेवर सांगायला येईल." त्यांच्या बोलण्याचाही राग आला नाही.

भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. मंदाही उद्या संध्याकाळी चंद्राला ओवाळेल, आणि टाकून गेला म्हणून मला शिव्या घालेल. घालू दे. जिवंत राहून खुशाल घालू दे.

भाऊबीज

राहवलं नाही. छाटी तोंडावर ओढून दुपारी शुक्रवारात भिक्षेला गेलो. दाराशी उभा राहून "नारायण" म्हटलं. आतून मंदेचा आवाज आला — "जरा थांबा हं स्वामी, भावाला वाढतेय. एक संन्यासी होऊन गेला, आता मला हाच एवढा राहिलाय."