उन्हात वळलेले खवले

६ जाने., मंगळवार
भिगवणच्या रुखसारने दिलेले झुमके घालून बारामतीला दागिन्यांच्या क्लासला गेले. चूक झाली. मॅडमनी कानाजवळ वाकून विचारलं, "कशाचे गं?" म्हटलं, कटला माशाचे खवले, कांद्याच्या सालीत रंगवलेले. मैत्रिणीने केलेत, तिच्या अब्बांचा मासळीचा धंदा आहे.
"तुझं काम नीटनेटकं असतं, स्वाती. पण ही पोरगी वस्तूंशी खेळते."
प्रदर्शनात एकच टेबल उरलंय. "तिला विचार, शनिवारी पाचपर्यंत मला कळव. ती नाही म्हणाली तर तू बस."
तीन वर्षं बी.कॉम., वर हा क्लास. रुखसार दहावीनंतर घरीच.

७ जाने.
निरोप दिला नाही. उद्या.
वहीच्या पहिल्या पानावर मीच लिहिलंय, 'दुसऱ्याच्या चांगल्या कामाचा आनंद मानायचा.' ते पान उघडलंच नाही आज.

८ जाने.
बाजारातून खवले मागून आणले. मासळीवाली हसली. हसू दे. धुऊन पत्र्यावर उन्हात पसरले.
आई, "घरात पहिली पदवी तुझी, अन् माशाचे खवले वाळवत बसलीस? तुझा बाप कारखान्यात पेढे वाटून आलाय, त्याला काय सांगू?"
चारपर्यंत सगळे वळून गुंडाळले. कापलेल्या नखांसारखे. आलेख-कागदावर डिझाइन काढलं होतं, मापासकट. एकही खवला त्यात बसेना.

१० जाने., शनिवार
दुपारी भिगवण. खवल्यांची डबी बरोबर. निरोप द्यायलाच चाललेय, असं स्वतःला बजावलं.
डबी उघडून रुखसार हसतच सुटली. "उन्हात घातलेस व्हय? येडे, सावलीत सुकवून रद्दीत दाबायचे असतात! टाकून दे… थांब, थांब."
एक खवला दुसऱ्यात अडकवला, तिसरा उलटा. तार दोनदा सुटली, तर तिसऱ्यांदा मुद्दाम सोडून बघितली. थोड्या वेळात माझ्या चुकीचं फूल. तिचं तिलाच नवल. "मला न्हाय सुचलं कधी. मी कधी उन्हात घातलेच न्हाईत ना!"
मी जळले. बिघडवलं मी, आणि तेही तिच्याच हातात सुंदर झालं.
तिने जोडी पुरी करून माझ्या कानात अडकवली. "मॅडमला दाव. तुझ्याच नावानं. खवले तुझेच हायेत की."
सांगणार होते. तोंड उघडलं होतं. अम्मी चहा घेऊन आल्या. मग बस आली.

तोच दिवस, पावणेपाच, एस.टी.त
मॅडमना टाईप केलंय, 'रुखसारला विचारलं. ती'
विचारलेलंच नाही.
बस फाट्यावर थांबलीय. समोर भिगवणकडे जाणारी उभी आहे. खवले वाऱ्याने कानाशी वाजतायत. कंडक्टर ओरडतोय, "उतरनार हाय का कुनी? का सोडू?"