आर्केडियात बायकामुलांना परवानगी नाही

बाबा, गेल्या शुक्रवारी मी तुमच्या आर्केडियात जाऊन आले. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मला इथं सौदीत, दम्मामच्या शाळेत शिकवायला लागून तीन, तरी मी तिकडे कधी वळले नव्हते. तुम्ही राहायचात ते कंपाउंड, ती भिंतीआडची घरांची वसाहत, केव्हाच पाडलं असेल असं मी धरून चालले होते. शाळेतल्या एका मैत्रिणीला तिथं घर मिळालं, तिनं चहाला बोलावलं, म्हणून गेले. फाटकावर अरबीत आणि इंग्रजीत तेच नाव. गाडी बाजूला घेऊन मी ते दोनदा वाचलं.

त्या नावावर आपण दोघं किती वर्षं खेळलो. तुम्ही सुट्टीवर नाशिकला आला आहात, आई थालीपीठ थापते आहे, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर नकाशांचं पुस्तक उघडून ग्रीसवर बोट ठेवता. "हा खरा आर्केडिया. नुसते डोंगर, दगड नि शेळ्या. अर्धा बोकड असलेला एक देव तिथं पावा वाजवत हिंडायचा म्हणे. शहरातल्या कवींनी दुरूनच त्याचा स्वर्ग केला. आता जिथं सुख आहे असं दाखवायचं असतं, तिथं लोक हे नाव लावतात." मग मी ते नाव शोधतच सुटले. मंगल कार्यालय आर्केडिया, गाद्यांचं दुकान आर्केडिया, बिस्किटांच्या डब्याचं झाकण आर्केडिया. पुण्याला मामाच्या सोसायटीत तर दिवसातून तासभर पाणी यायचं, तिचंही नाव तेच. प्रत्येक नाव मी पत्रातून तुम्हाला कळवायची. तुम्ही उलट टपाली तुमचं पाठवायचात: अमेरिकेतलं एक गाव, तिथल्या रास तनुरा बंदरात लागलेला एक टँकर. रिफायनरीच्या ड्रॉइंग ऑफिसातून दमून आलेला माणूस माझ्यासाठी एवढं लिहितो, याचा मला केवढा अभिमान होता.

आठवीत असताना मी जेवताना विचारलं, "आम्हाला का नाही नेत?" तुम्ही ताट पुढे सरकवलंत. "तिथं बायकामुलांना परवानगी नाही. एकदा सांगितलं ना? पुन्हा हा विषय नको." आईनं त्याच वर्षी हौसेनं पासपोर्ट काढून घेतला होता. ती तुमचं ताट उचलून मोरीकडे गेली.

परवा फाटकातून आत गेले तर समोरच घसरगुंडी, झोपाळे, सायकलींवर पोरं. नंतर केलं असेल, असं वाटलं. आतल्या किराणा दुकानात रत्नागिरीकडचे एक म्हातारे चाचा बसतात. तुमच्या वेळेपासून ते तिथंच आहेत. मी सांगितलं, माझे वडील इथं राहायचे, ही बॅचलर लोकांची, कुटुंबाशिवाय राहणाऱ्या पुरुषांची जागा होती तेव्हा. चाचा हसले. "बॅचलर? नाय वो बाय, ही पहिल्यापासून फॅमिलीवाल्यांचीच जागा. ती घसरगुंडी तेवा पण होती." मग तुमची खूण पटली तसे ते प्रेमानं सांगू लागले. "तुमच्या पप्पांना तीन खोल्यांचं घर होतं. फॅमिली व्हिसाचा कागद दोनदा आलेला. मीच बोललो, साहेब, आता वहिनींना आणा. तर म्हणाले, राहू दे चाचा, इथं शांत आहे."

मी विचारलं, दुसरं कुणी होतं का त्यांच्या घरात. चाचांनी कानाला हात लावले. "तोबा तोबा. कुणी नव्हतं. पुस्तकं होती, आणि जाईचा वेल होता."

कुणी बाई असती तर बरं झालं असतं, बाबा. तिच्यावर राग धरता आला असता. तुम्हाला आमच्याऐवजी कुणीच नको होतं, हे मी कुठं ठेवू? अर्धांगानं पडलेल्या तुमच्याच वडिलांना आई सहा वर्षं रोज उचलून बसवत होती, अंग पुसत होती. मला टायफॉइड झाला तेव्हा ती दवाखान्यातून घरी आणि घरून दवाखान्यात पळत होती, आणि त्याच आठवड्यात तुमचं पत्र आलं, "इथं फार एकटं वाटतं." ते वाचून ती रडली होती. तुमच्यासाठी. आणि मी तापात पडल्या पडल्या तुम्हाला आणखी एक आर्केडिया शोधून ठेवला होता.

मैत्रिणीकडचा चहा मी घेतला, काय बोलले आठवत नाही. आई सध्या माझ्याकडे आली आहे, तीन महिन्यांच्या व्हिसावर. घरी पोचले तेव्हा ती मेथी निवडत होती. "बघितलंस का गं बाबांचं घर?" तिनं विचारलं. मग खालीच बघत म्हणाली, "बायकामुलं नव्हतीच ना तिथं?"

"नव्हती गं," मी म्हटलं. "सगळी पुरुष माणसं."

"बिचारे," ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.

हे पत्र तिच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. मी खोटं बोलले ते तुम्हाला वाचवायला नाही, आईसाठी, एवढं लक्षात असू द्या. पण कबूल करते, ते बोलताना तुमच्यासारखाच माझाही आवाज जराही हलला नाही.