‘तूच’ म्हणायचं राहिलं त्याची गोष्ट

ती. ताईस,

धाकट्या गुमरानचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला अजून तुमच्या दोघांच्या मध्ये झोपतो का? देजॉनला म्हणे यंदा उकाडा लवकर सुरू झाला. आमच्या मुल्पोत समुद्राचा वारा आहे, आणि त्या वाऱ्यावर सध्या निवडणुकीचे फलक इतके फडफडतात, की सुकत घातलेल्या माशांवर माशी बसत नाही. (तेवढं एक काम तरी उमेदवारांनी केलं म्हणायचं.) आम्ही दोघं देवाच्या कृपेने खुशाल आहोत. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आता खरं लिहिते.

तुला ठाऊकच आहे, आमच्या ह्यांना उपदेशात पुढाऱ्यांच्या गोष्टी सांगायची खोड आहे. बायबलचा उतारा वाचून झाला की चष्मा कपाळावर चढतो आणि सुरू होतं, ‘एक थोर नेता होता...’ एक मंत्री म्हणे स्वतःचे बूट स्वतः पुसायचा; ही नम्रता. एका राज्यपालाची आई रोज पहाटे देवळात गुडघे टेकायची, ही श्रद्धा. गोष्टी चांगल्याच होत्या गं, पण आपल्या देशात नेत्याची गोष्ट शिजवलेल्या शिंपल्यांसारखी, दुसऱ्या दिवशी तोंडात घालवत नाही. बूट पुसणारा मंत्री सुगीच्या सणाला भेटीच्या पेट्या घेताना सापडला. राज्यपाल आत गेला. त्याची आई अजूनही पहाटे गुडघे टेकते, पण तुरुंगाच्या फाटकासमोर. शेवटी चर्चच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली, की आमच्या पाळकसाहेबांनी ज्याचं नाव घेतलं त्याच्या दारात पोलिसांची गाडी आलीच. तेव्हापासून हे परदेशातल्या मेलेल्या अध्यक्षांवर भागवत होते. मेलेल्या माणसाला अटक होत नाही, एवढा त्यात फायदा.

पण वडील प्यॉन यांना ते रुचेना. (वडील म्हणजे आपले अण्णा नव्हेत, मंडळीचे वडील, सुक्या माशांचा घाऊक धंदा, आणि नगराध्यक्ष बांग यांच्या प्रचाराची सगळी सूत्रं यांच्याच हातात.) आमच्याकडे बसून माझ्या हातचं सोयाबीनचं सूप भुरकत म्हणाले, “पाळकसाहेब, दाढीवाल्या परदेशी अध्यक्षाचा किती दिवस कीस काढणार? एखादा आपला सांगा. जिवंत.” हे म्हणाले, “निवडणुकीत व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव घेणं गुन्हा आहे, वडील.” त्यावर प्यॉन हसले. “नाव घ्या कोण म्हणतंय? बांगसाहेब पहिल्या रांगेत बसतील. आणि हो, बुधवारी तुमच्या पुढच्या तीन वर्षांसाठी हात वर व्हायचे आहेत, नाही का?” एवढं बोलून वाटी पुढे केली. मी सूप वाढलं. वाटी काठोकाठ भरली याचा मला अजून राग येतो. हात वर झाले नाहीत तर हे मंडळीचं घर सोडायचं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी पाळकाला दुसरी मंडळी कोण देणार?

आता बांगनी काय केलंय ते ऐक. आमच्या गावामागे ओहोटीला उघडी पडणारी जी चिखलपट्टी आहे ना, जिथे म्हाताऱ्या बायका गुडघाभर चिखलात बसून शिंपले काढतात, ती भराव टाकून बुजवायला काढलीय. वर हॉटेलं व्हायची आहेत. माझ्या शेजारच्या मो आजींची सगळी हयात त्या चिखलात गेली. आमच्या देवळाच्या भिंतीच्या विटा या बायकांच्या शिंपल्यांच्या पैशांतून आल्यात. प्यॉन गेले त्या रात्री हे उशिरापर्यंत बायबल चाळत बसले. सकाळी म्हणाले, “मी नाथानाची गोष्ट सांगणार.” मी थक्क. ताई, तुला आठवते ना ती गोष्ट? दावीद राजाने दुसऱ्याची बायको पळवली, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला एक कथा सांगतो, की एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कापून खाल्ली. राजा संतापतो, कोण तो नीच? आणि नाथान म्हणतो, तूच तो! पुढाऱ्याची गोष्ट पुढाऱ्याच्याच तोंडावर. लग्नानंतर पहिल्यांदाच मला या माणसाचा अभिमान वाटला, आणि मी त्यांच्या कोटाला स्वतः इस्त्री केली. (एरवी तेच करतात.)

रविवारी बांग पहिल्या रांगेत. हे उभे राहिले, चष्मा कपाळावर गेला, आणि “एक नेता होता” म्हटल्याबरोबर मी कपाळाला हात लावला. कारण सूर तोच! कौतुकाचा. आयुष्यभर एकाच चालीवर गायलेला माणूस, शिव्यासुद्धा त्याच चालीवर देणार. आणि आपल्या मंडळीची सवय तू जाणतेसच. पाळकाने श्वास घ्यायला थांबावं, की लोक ‘आमेन’ म्हणून मोकळे. हे कडाडले, “ज्याने चिखलावर भराव टाकला!” — आमेन! “ज्याने म्हाताऱ्या बायकांना घरी बसवलं!” — आमेन! (मागून कोणीतरी ‘पाठी दुखायच्या बिचाऱ्यांच्या’ असंही म्हणालं.) “ज्याने गरिबाची मेंढी आपल्या पाहुण्यांच्या ताटात वाढली!” — आमेन, आमेन! बांग मान डोलवत होते. ह्यांच्या कपाळावर घाम. आता एकच शब्द उरला होता. हात लांब करून ह्यांनी बांगकडे बोट दाखवलं, तोंड उघडलं, आणि ताई, ‘तू’ निघेना! नगराध्यक्ष, वयाने मोठा, पहिल्या रांगेत. जिभेला लहानपणापासून लागलेलं वळण. म्हणाले, “ते गृहस्थ... आपणच आहात!”

झालं. बांग उठले, चारी दिशांना कमरेत वाकले. प्यॉननी टाळ्या सुरू केल्या, गायकवृंदाला वाटलं आपली पाळी आली, त्यांनी गाणं धरलं. ह्यांचा हात तसाच हवेत. आता त्याचा फोटो गावभर आहे, खाली लिहिलंय, ‘आशीर्वाद’. प्यॉन दारात माझे हात हातात घेऊन म्हणाले, “पाळकबाई, काय ती खुबी! नाव न घेता! कायद्यातही बसलं!” बुधवारी सगळे हात वर झाले. एकही खाली राहिला नाही. मी मोजायला गेले नाही, प्यॉननीच ओरडून सांगितलं.

मो आजी त्या बुधवारी आल्या नव्हत्या. मी धावत त्यांच्या घरी गेले, म्हटलं, आजी, गैरसमज झाला, ह्यांनी त्याला शिव्या घातल्या हो! त्या जाळं आवरत होत्या. म्हणाल्या, “सूनबाई, शिव्या खाऊन माणूस इतका वाकून नमस्कार करतो होय? मग रोज घाल म्हणावं.” मी समजावत राहिले, नाथान, दावीद, मेंढी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मेंढीला गोष्ट कळून काय करायचंय? कापणाऱ्याला कळली का, ते सांग.” आणि दार लावून घेतलं. रागाने नाही गं, हळूच. त्याने जास्त लागलं.

घरी येऊन मी ह्यांना जे बोलले ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. एवढंच लिहिते, की मला गेली तीस वर्षं ‘तू’ म्हणताना ह्यांची जीभ एकदाही अडखळली नाही. भाताला मीठ कमी पडलं तरी ‘तू’, पाऊस पडला तरी ‘तू’. ह्यांनी मान खाली घातली, आणि म्हणाले, “येत्या रविवारी सांगतो. गोष्ट नाही, दृष्टांत नाही. सरळ.” दोन दिवस न्हाणीघरातून ‘तूच! तूच!’ असा आवाज येतोय. शेजाऱ्यांना वाटतं आमचं भांडण चाललंय.

भावोजींना नमस्कार. मुलांच्या गालांना माझ्या वतीने एकेक चिमटा.

तुझीच,
गुमरान

ता. क. — हे सगळं लिहायचं कारण असं, की रविवारी हे बोलले तर सोमवारी घर सुटेल. तुझी मागची, लोणच्याच्या रांजणांची खोली थोडे दिवस मिळेल का? रांजणांना वास येतो म्हणून संकोच करू नकोस, आम्हालाही येतो. दोन गाद्या मावल्या की पुरे.

ता. क. दुसरा — पत्र टाकायचं राहिलं म्हणून बरं झालं. आज रविवार. हे आत्ताच उपदेश करून आले. कृतज्ञतेवर केला, परदेशातला एक अध्यक्ष होता म्हणे, फार कृतज्ञ. जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “लोकांच्या कानी तसं पडलं, त्यातही देवाची काही योजना असेल.” मी भात वाढला.

खोली बघच. गादी एकच घाल.