शनिवारच्या वादाआधी

मरोळ गावठाण,
मंगळवार

माझ्या प्रिय डेरिक,

हे पत्र इव्हाच्या हाती पाठवतेय. तुझा नवा नंबर तुझ्या या बहिणीकडे आहे, पण कुणाला देणार नाही असा तिने तुला शब्द दिलाय, म्हणून मीही मागत नाही. पत्र मिळालं की लगेच वाच रे, नंतर बघू म्हणून ठेवू नकोस. अक्षर वाकडंतिकडं आलं तर समजून घे. काल वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढताना हातातून खडू पडला. मुलांना वाटलं, मॅडमना ताप आलाय. ताप नाही. मला भीती वाटतेय.

तुझे पप्पा बरे आहेत. जेवताना टीव्ही मोठा करून बसतात, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही. त्या दिवशी तू जेवताना म्हणालास की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे, सगळं देवाने सहा दिवसांत केलं, आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू भरलं ताट ठेवून उठलास आणि मुलुंडच्या त्या प्रार्थना मंडळात राहायला गेलास. पप्पांना अजून वाटतं, पोरगा रागाने गेला. मला माहितेय, तुला राग आला नव्हता. स्वतःच्या घरात तुला लाज वाटली होती. मी रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणारी आणि सोमवारी कॉलेजात उत्क्रांती शिकवणारी बाई. आपले फादर म्हणतात, या दोन्हींत भांडण नाही. तुला ती पळवाट वाटते. वाटू दे. त्यावरून तू माझ्याशी तासन्‌तास भांडायचास, तेव्हा मला कसली भीती नव्हती.

तुला ठाऊक नाही, मी मुलुंडला येऊन गेले. डोक्यावरून ओढणी घेऊन अगदी मागे बसले होते. तू बोलायला उभा राहिलास आणि मी नकळत हात जोडले, शाळेच्या स्टेजवर तू चढायचास तेव्हा जोडायचे तसेच. छान बोलतोस रे आता. तू विचारलंस, डोळा हळूहळू घडला म्हणता, तर मधला अर्धा डोळा काय कामाचा? सगळे आमेन म्हणाले. मी घरी येऊन पुस्तकं काढून बसले. याचं उत्तर आहे, डेरिक. मढच्या समुद्रकाठी खडकांवर टोपीसारखे चिकटलेले शंख तू पाहिलेस. त्यातल्या जिवाचा डोळा म्हणजे नुसता खळगा. त्याला चेहरे दिसत नाहीत, पण उजेड कुठे आणि अंधार कुठे हे कळतं, आणि तेवढंही त्याच्या कामाचं असतं. पण तू दुसरंही विचारलंस, निर्जीवातून पहिला जीव झाला हे कुणी पाहिलंय? त्याचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. अजून कुणाकडेच नाही, शोध चाललाय. हल्ली वर्गात हा प्रश्न मी तुझ्याच शब्दांत विचारते. मुलं जागी होतात.

बोरिवलीच्या सभेत, उत्क्रांतीवरच्या त्या जाहीर वादात, काय झालं ते मला तुमच्यासमोर बोलायला आलेल्या मार्तंड सरांकडून कळलं. पार्ल्याच्या कॉलेजात त्यांनीच मला शिकवलं. त्यांना भेटायला गेले तर मनगट प्लास्टरमध्ये. तुमच्यातल्या एका म्हाताऱ्याने भाबडा प्रश्न विचारला आणि सर हसले, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मग चिडून तुमचे लोक स्टेजवर चढले, खुर्च्या उलटल्या, सर पडले. समोरच्या बाजूने बोलणारा मुलगाच त्या लोकांना आडवा आला, असं सर म्हणाले. त्याने लोकांना मागे ढकललं आणि सरांना उठवत म्हणाला, “सर, तुमचं मला अजिबात पटलेलं नाही. पण आता इथून चला.” रिक्षात बसवून तो परत आत गेला. सरांना त्याचं नाव आठवत नव्हतं. त्यांनी फोनवर त्या सभेतला फोटो दाखवला आणि मी तुला पाहिलं. तो माझा मुलगा आहे, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. तुझ्या कपाळावर रक्त होतं.

पुढचं इव्हाने सांगितलं. सरांना वाचवलंस तेव्हापासून तुझे लोक तुझ्याशी नीट बोलत नाहीत. शनिवारी अंधेरीच्या हॉलमध्ये पुन्हा वाद आहे आणि तुला बजावलंय, “या वेळी नरमलास, तर इथे परत येऊ नकोस.” तेव्हापासून माझी झोप उडालीय. तुझ्यापुढे कुणी खरा मुद्दा मांडला आणि तू तो मान्य केलास, तर त्या गर्दीतून तुला बाहेर कोण काढणार? आणि भीतीपोटी नाही मान्य केलास, तर? त्याची मला जास्त भीती वाटते. तू न पटलेलं कधी बोलला नाहीस. चुकीचं बोललास, पण मनापासून बोललास.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मार्तंड सर परत जायला तयार नाहीत. आयोजकांना त्यांनी आपली एक जुनी विद्यार्थिनी सुचवली. तिने हो म्हटलं, आणि मग तिला इव्हाकडून कळलं की या वेळीही समोर तूच आहेस. शनिवारी दुसऱ्या बाजूने मी बोलणार आहे, डेरिक. उद्या नाव जाहीर होईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. नाही म्हणायला फोन हातात घेतला होता. पण मी नाही गेले तर कुणीतरी दुसरं येईल आणि तुझ्यावर हसेल. मी हसणार नाही. जे मला माहीत आहे ते सांगेन, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणेन. आई म्हणून तुझं खोटं खरं मानणार नाही, तूही माझं मानू नकोस. पप्पा येणार आहेत. टीव्ही बंद करून म्हणाले, मी पुढच्या रांगेत बसतो, कुणी स्टेजवर चढलं तर बघू. आणि ऐक, त्या सगळ्यांसमोर तुला म्हणावं लागलं की ही बाई माझी कुणी नाही, तर खुशाल म्हण. मी तरीही तुझ्या प्रश्नाचं उत्तर देईन.

तुझीच,
मम्मी