आबांचा हात

देवपूर, धुळे
१९ जानेवारी १९८९

प्रिय अक्का,

काल तालमीत जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. रविवारी आपल्या आबांच्या वृंदाचं जळगावला गाणं आहे. आम्ही आठही जण गात होतो. संथ ओळीला आबांनी डोळे मिटले होते, हाताने लय दाखवत होते. आमच्यातल्या झुलालभाऊंना जोराचा ठसका लागला आणि आम्ही सगळेच थांबलो. खोली चिडीचूप झाली. आबांचा हात मात्र चालूच होता.

मी पुढची ओळ धरली, मग बाकीचे मिसळले. आबांनी डोळे उघडले आणि "छान," म्हणाले.

घरी येताना पांझरेच्या पुलावर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"कान जाईसन दोन वरीस व्हयनात," ते म्हणाले. "रविवारी तू मना समोर उभी ऱ्हाय. तुना ओठ पाहीसन गानं कोठे पोचनं, ते माले समजस. अक्काले लिखू नको."

दोन वर्षं, अक्का. आणि रोज त्यांना वाढताना मी मान खाली घालून बोलत होते. ते नुसतं "हं" म्हणायचे.

त्यांना शब्द दिलाय, म्हणून हे पत्र माझ्याच वहीत राहील.

तुझी,
कुंदा