अंड्यातलं काळीज

शनिवार, दि. २ ऑगस्ट २०२५
सकाळची शाळा सुटल्यावर, वर्गातूनच

प्रिय जाफरभाई,

सलाम. इथी सारं ठीक. अम्मीचे गुडघे कसे आहेत? दुकानात गर्दी असलच. पावसात लोकांचे फोन भिजतात अन् तुझी चांदी होते. तू माझा फोन उचलून नाई राह्यला, मेसेज पाहून नाई राह्यला, म्हणून कागद घेतला. टपालवाल्याले तर तू परत पाठवणार नाई.

आधी नवल सांगते. जुन्या सीडी प्लेअरमधलं भिंग काढून तू माझ्या फोनच्या कव्हरले बसवून दिलं होतं ना, "पोट्ट्यायले दाखव, टीव्हीवर मोठ्ठं दिसते" म्हणून? ते कव्हर आठ दिवस माझ्या पर्समध्येच पडून होतं. खरं सांगू? शाळेत टीव्ही येऊन दोन वर्षं झाली. मी त्याच्यावर गाणे लावायची, अन् पोट्टे नाचत तोवर रजिस्टरं भरायची.

मंग एक दिवस चौथीतली रीता बोडीतून एक पाणवेल घेऊन आली. तिचे बाबा त्याच बोडीत मासे धरतात. पानाले माशाचे अंडे चिकटलेले, मोहरीएवढे. "बाई, याच्यात काय असते?" मी पुस्तकातलं उत्तर देणारच होती, तेवढ्यात तुझं कव्हर आठवलं. पान बशीत पाण्यात ठेवलं, फोन वर धरला, वायर टीव्हीले जोडली.

भाई, काय सांगू तुले! अख्ख्या टीव्हीवर एकच अंडं. काचेसारखं आरपार. आत दोन काळे डोळे, गुंडाळलेली शेपटी, अन् गळ्यापाशी काहीतरी सारखं उडून राह्यलं होतं. तेवीस पोट्टे टीव्हीपुढं टक लावून. मले वाटलं, आपण श्वास घेतला तर ते थांबल. मंग रीता हळूच म्हणाली, "बाई, त्याचं काळीज आहे ते." मी सांगितलं नव्हतं, पुस्तक उघडलं नव्हतं.

खिचडी रांधणारी रंभाबाई दारात येऊन उभी. हातात चमचा तसाच. आमच्याकडे यायच्या आधी तिनं तीस वर्षं मासे विकले. "माय वं! जित्तं हाय का हे?" म्हणत ती मटकन खालीच बसली. "एवढे मासे चिरले बाई, एवढे अंडे खरवडले, कधी वाकून नाई पाह्यलं." त्या दिवशी खिचडी खाली लागली. साऱ्यांनी तशीच चाटूनपुसून खाल्ली.

आता गाणे बंद. आता मी आधी विचारते, "काय दिसल? पाटीवर काढा." मुंगीचं तोंड, धानाचं फूल, डासाची अळी. काढतात, भांडतात, मंग टीव्ही लावतो. अन् दरवेळी भलतंच दिसते, अन् आम्ही चोवीसजण तोंड वासून बसतो.

आता ते लिहिते, जे इतका वेळ टाळत आली.

गेल्या शुक्रवारी तिकडे मूल गावात शिक्षण परिषद होती. साठ शिक्षकांसमोर मले हेच दाखवायचं होतं. वायर शाळेत विसरली, तुले फोन केला. तू दुकान टाकून दुसरी वायर घेऊन धावत आला, हात काळे, घामाघूम. केंद्रप्रमुख साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "मोबाइल रिपेअरवाला आहे, सर." अन् भिंग कुठून आणलं विचारलं, तर म्हटलं, "ऑनलाइन मागवलं." तू तिथीच उभा होता. वायर टेबलावर ठेवली अन् निघून गेला. माझी जीभ काऊन झडली नाई भाई? टाळ्या वाजल्या, अन् मले तोंड वर करवेना. अब्बा गेले तवा सातवीतून तू शाळा सोडली, म्हणून मी आज बाई आहो. अन् साठ लोकांत मले तुझी लाज वाटली.

काल मी साहेबांकडे गेली. सारं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हे मला एकट्याला नाही, त्या साठ जणांना सांगा. अन् तुमच्या भावांना विचारा, आम्हाला शिकवतील का." पहिलं मी सांगणार आहे, पुढच्याच परिषदेत. दुसरं विचारायले मले तोंड नाई.

वर्गात मात्र आजच सांगितलं, हे भिंग माझ्या भावानं बसवलं म्हणून. रीतानं विचारलं, "बाई, तुमचे भाऊ किती शिकले?" म्हटलं, सातवीही पुरी नाई झाली. पोट्टीचे डोळे एवढाले झाले. "तरी त्यायले हे येते?" त्या अंड्याकडे ती जशी पाहत होती ना, तशीच पाहत होती. भाई, तुझ्याच घरात वाढली मी, तुझ्याच हातचं खाल्लं, अन् तुझ्याकडे असं कधी पाह्यलंच नाई.

उद्या नाई, हे पत्र पोचल्यावर, पुढच्या रविवारी दुकानात येते. गिऱ्हाईक असो, बाजारभर ओळखीचे असो, रस्त्यावरूनच "भाई" म्हणून हाक मारीन. ओ द्यायची का नाई, ते तुझ्यावर.

तुझ्या पाठची,
नाहीद